खर्जकाकांनी पास केलेला बास

बास गिटार वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नाही, हे आधीच मान्य करून टाकू. गाणारा सगळ्यांच्या पुढे, गिटारवाला त्याच्या शेजारी केस उडवत, ड्रमवाला मागे उंचावर, आणि बासवाला कुठेतरी कोपऱ्यात भिंतीला टेकून. कार्यक्रम संपला की एखादा भला माणूस जवळ येऊन विचारतो, "तुमच्या गिटारला चारच तारा कशा? दोन तुटल्या का?" यावर हसायचं असतं. वर्षानुवर्षं हसून या लोकांचे गाल दुखायला लागतात.

अशा दहा-बारा जणांचा एक गोतावळा होता. दर रविवारी सकाळी ते एका रंगाच्या दुकानामागच्या गोदामात जमायचे. दुकानदार त्यांच्यातलाच. रंगाचे डबे सरकवून बसायला जागा करायची, मधे एक जुना अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, ठेवायचा, आणि मग तीन तास तारा, पट्टे, कोणी काय विकलं, कोणी काय घेतलं आणि कोण कसा फसला. रोख व्यवहार क्वचित. बहुतेक अदलाबदलच चालायची. दुकानदाराची बायको म्हणायची, "जगात बास एकच आहे, तोच तुम्ही दहाजण आळीपाळीने घरी नेता." ती फार चुकत नव्हती.

या गोतावळ्यात शब्द चालायचा तो खर्जकाकांचा. खरं नाव त्यांच्या पगारपत्रकावर होतं, बाकी कुठे नाही. वाद्य खालच्या सुरातलं आणि बोलणंही तसंच, म्हणून खर्जकाका. एका मोठ्या छापखान्यात एकतीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस. बोलायचं कमी, आणि जे बोलायचं ते घासून-पुसून. कोणाला वापरलेला बास घ्यायचा असला की तो आधी त्यांच्या मांडीवर यायचा. ते नेकच्या, म्हणजे दांड्याच्या, टोकाला डोळा लावून ती सरळ आहे का बघायचे, बोटाच्या पेराने लाकूड ठोकायचे. मग अ‍ॅम्प न लावता, एकेका तारेवर, नेकवरच्या एकेका आडव्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, प्रत्येक सूर वाजवायचे. "उघडा ऐकायचा. अ‍ॅम्प लावला की कोणीही गोरा दिसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटी बासच्या अंगाला वर निघालेल्या शिंगावर हनुवटी टेकवून डोळे मिटायचे, आणि मग एकच शब्द: "घे", नाहीतर "नको". काकांनी पास केलेली वस्तू परत करायची नाही आणि तिच्याबद्दल मागून कुरकुर करायची नाही, असा तिथे नियम होता. कोणी केला होता देव जाणे, पण पाळायचे सगळे.

आता या माणसाचं काय झालं ते सांगतो.

दीड वर्षापूर्वी छापखान्यात कान तपासणारी एक बाई आली. काचेच्या खोलीत बसवून तिने काकांच्या डोक्यावर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काकांनी सुरुवातीला चार-सहा वेळा दाबलं. मग बराच वेळ काही नाही. ते वाट बघत बसले. बाईने दार उघडलं तसं त्यांनी विचारलं, "पुढचं कधी सुरू करताय?"

"झालं की, काका," बाई म्हणाली. आवाज जरा जपूनच होता तिचा.

कागदावरची रेघ निम्म्यापर्यंत सरळ गेली होती आणि मग जिन्यावरून पडावी तशी खाली. खालचे सूर शाबूत, वरचं सगळं गेलेलं. मशीनच्या आवाजाने खाल्लं होतं, वर्षानुवर्षं, थोडं थोडं. बाईने कानाला यंत्र लावा म्हणून सांगितलं. काकांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि घरी कोणाला सांगितलं नाही. दारावरची बेल वाजली तरी ते उठायचे नाहीत, तेव्हा काकू म्हणायच्या, "आळस भरलाय अंगात नुसता." काकांना ते परवडत होतं.

आणि मनाची समजूत त्यांनी कशी घातली बघा. ही चूक बासवालाच करू जाणे. आपलं वाद्य खालचं, आपले कान खालचे, वरचं हवंय कोणाला? बास हातात घेतला की सूर पूर्वीसारखाच भरून यायचा. छातीत यायचा, हनुवटीतून दातांत यायचा. मग बिघडलं कुठे? त्यांनी परीक्षा घेणं चालूच ठेवलं. दीड वर्षात सात-आठ बास त्यांच्या मांडीवरून पास होऊन गेले.

अशाच एका रविवारी काकांची भाची आली होती. थोरल्या बहिणीची मुलगी, वय तेवीस. पहिला बास तिच्या हातात मामानेच दिलेला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिला पहिल्यांदाच एका स्टुडिओत वाजवायला बोलावलं होतं. तिथल्या माणसाने तिचा बास ऐकून सांगितलं होतं, "आवाज पातळ आहे तुझा. जुना, जड काहीतरी मिळालं तर आण." आणि गोतावळ्यातला लिफ्टवाला, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा एक चाळिशीचा शांत माणूस, आपला जुना बास देऊन टाकायला निघाला होता. अदलाबदल ठरली: तिचा त्याला, त्याचा तिला. हातात हात दिला की विषय संपला.

"मामा, तू फक्त बघून सांग," भाची म्हणाली. "तू म्हणशील तसं."

"बघायचंय काय त्यात?" दुकानदार म्हणाला. "काकांनीच पास केलाय तो. गेल्या वर्षी, इथेच बसून."

हे मात्र खरं होतं, आणि नेमकं तेच काकांना सकाळपासून टोचत होतं. गेल्या वर्षी म्हणजे तपासणीनंतर. तेव्हा आपण काय ऐकलं होतं आणि काय नाही, हे त्यांना स्वतःला सांगता आलं नसतं.

लिफ्टवाल्याने पेटी उघडली. बास सुंदर होता, कडेचा रंग उडून आतलं लाकूड दिसायला लागलेला. काकांनी तो मांडीवर घेतला. नेकला डोळा लावला, सरळ. लाकूड ठोकलं, ठीक. गोदामात सगळे गप्प झाले, नेहमीसारखे. काकांनी चौथ्या, जाड तारेपासून सुरुवात केली. मग तिसरी. पहिली फ्रेट, दुसरी, तिसरी. प्रत्येक सूर गोल, भरलेला. सातव्या फ्रेटवर बोट ठेवून त्यांनी तार छेडली आणि सहज मान वर केली.

भाचीच्या कपाळावर आठी पडली होती. क्षणभरच. तिने मामाकडे पाहिलं, आणि मामा शांत आहे म्हटल्यावर आठी पुसून टाकली. लिफ्टवाला खाली फरशीकडे बघत होता.

काकांनी तोच सूर पुन्हा वाजवला. त्यांना ऐकू आला तो नेहमीचा, जाड, गोड सूर. हनुवटी टेकवून पाहिली. दातांत काहीतरी बारीक शिवशिवलं का? का उगाच भास? दहाजण तोंडाकडे बघत होते. नको म्हणावं तर कारण काय सांगायचं? आणि नको म्हटलं, तर गेल्या वर्षी घे कसं म्हणालात, हे कोणीतरी विचारणारच.

त्यांनी उरलेल्या तारा भराभर उरकल्या, बास भाचीच्या हातात दिला आणि म्हणाले, "घे."

गोदामात पुन्हा बोलणं सुरू झालं. कोणीतरी चहा सांगायला गेलं. भाची खूश होऊन आपल्या बासचा पट्टा सोडवायला लागली. "हा पट्टा मात्र माझा हं, मामाने दिलेला आहे," ती लिफ्टवाल्याला म्हणाली. पट्ट्याचं बटण घट्ट बसलं होतं, निघेना. लिफ्टवाला हात पुढे करून उभा होता. काका त्या बटणाकडे बघत होते. ते निघालं की ती उठणार, हात देणार, आणि उद्या सकाळी स्टुडिओत काचेच्या पलीकडचा माणूस तोंड वाकडं करून म्हणणार, हे काय आणलंस. तिचा स्वतःचा बास तेव्हा लिफ्टवाल्याच्या घरी असणार. इतकी भीती त्यांना कागद कापायच्या मशीनमध्ये बाही अडकली होती तेव्हाही वाटली नव्हती.

बटण निघालं.

"थांब," काका म्हणाले. "मगाशी तिसऱ्या तारेवर तुझ्या कपाळाला आठी का पडली?"

"कुठे काय, मामा."

"पडली होती. सांग."

भाचीने इकडेतिकडे बघितलं. "किरकिरला तो सूर. सातव्या फ्रेटवर, आत काहीतरी सुटल्यासारखं. पण तू काहीच बोलला नाहीस. म्हटलं, जुन्या बासचं असेल असं. मलाच अजून कळत नाही."

"मी बोललो नाही, कारण मला ऐकू आलं नाही."

दुकानदार हसला. "काका चेष्टा करतायत."

"चेष्टा नाही रे," काका म्हणाले. आवाज कापत होता, तो त्यांनी कापू दिला. "वरचं मला काही ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. कागद आहे माझ्याकडे, दाखवतो हवा तर. मी लपवलं. बारीक काही वाजत असेल तर ते मला नाही कळत, आणि तरी मी घे म्हणत राहिलो."

चहा घेऊन आलेला दारातच उभा राहिला. भाचीने लिफ्टवाल्याचा बास उचलला, कान नेकला लावला आणि सातव्या फ्रेटवर तार छेडली. पुन्हा छेडली. मग नेक मुठीत घट्ट दाबून तिसऱ्यांदा.

"रॉड आहे," ती म्हणाली. नेक वाकू नये म्हणून लाकडाच्या पोटात लोखंडी रॉड घातलेला असतो, तो आतून सुटला होता. "या एका सुरावरच थरथरतो. म्हणून तो सूर मधेच बसतो. दाबून धरलं की थांबतं."

तेव्हा लिफ्टवाला एका डब्यावर बसला.

"तो आवाज लाकडातून येतो?" त्याने विचारलं.

"हो. का?"

"काही नाही." तो काकांकडे वळला. "काका, बास घेतल्यापासून रोज ऐकायचो मी तो. हॉटेलातल्या बँडमध्ये प्रत्येक गाण्यात तो सूर आला की मी अंग चोरायचो. मला वाटलं, बोट नीट दाबलं जात नाही. नखं कापली, बोट बदललं, शिकवणी लावली. बँडचा मुख्य माणूस माझ्याकडे बघायचा, बोलायचा काही नाही. बास तर तुम्ही पास केलेला. मग राहिलं कोण? मीच. चार महिन्यांपूर्वी सोडला मी बँड. घरी सांगितलं, वेळ मिळत नाही."

"मला का नाही विचारलंस?" काका कसंबसं म्हणाले.

"तुमच्याबद्दल कुरकुर कशी करायची?"

काकांना वाटलं, याने आपल्याला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण लिफ्टवाला रागावलेला दिसतच नव्हता, आणि ते जास्त लागत होतं. तो हातांकडे बघत होता, उलटे-सुलटे करून, आणि मग त्याने हळूच विचारलं, "म्हणजे काका, मी बरा वाजवायचो?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं. अरे, उत्तम वाजवायचास, असं एकदा म्हटलं की त्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं आणि काकांच्याही. शब्द ओठावर आला होता. तो त्यांनी गिळला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "न ऐकता आता मी काही सांगणार नाही. हिला विचार."

भाचीने आपला बास लिफ्टवाल्यापुढे धरला. "माझ्यावर वाजवा. उद्या मी हाच घेऊन जाणार आहे. पातळ तर पातळ."

"आत्ता? चार महिने हात लावलेला नाही."

"आत्ताच."

त्याने बास मांडीवर घेतला. पहिले दोन-तीन सूर घसरले. मग हाताला आठवलं. खाली-वर जाणारी एक साधी चाल त्याने धरली, आणि जिथे तो सूर यायचा तिथे येताना त्याचे खांदे आपोआप वर चढले, कोणी मारणार आहे असे. सूर आला आणि गेला, स्वच्छ. त्याने दचकून बोटाकडे पाहिलं. पुन्हा फेरी घेतली. पुन्हा स्वच्छ. तिसऱ्या फेरीला खांदे खाली होते.

काका बाजूला एका डब्यावर बसून होते. त्यांना लाज वाटत होती आणि तरीही उठून जावंसं वाटत नव्हतं. हनुवटी टेकवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. ते भाचीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

ती डोळे मिटून ऐकत होती. बराच वेळ. मग म्हणाली, "लय थोडी मागे पडते. ती बसेल सरावाने. पण चांगलं वाजवता तुम्ही, दादा. पहिल्यापासूनच चांगलं वाजवत असणार."

लिफ्टवाल्याने मान हलवली, पण तो थांबला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.