दीडशे व्होल्टची ऊब

वीस वर्षं मी अकरावी-बारावीला वीज शिकवतो आहे, तीही अभिनयासकट. विजेचा रोध म्हणजे अरुंद दार, असं सांगताना मी वर्गाच्या दारात स्वतः अडकून दाखवतो. हल्ली त्यासाठी फारसा अभिनय करावा लागत नाही.

त्यामुळे बायकोने अंडी उबवायची पेटी मागितली तेव्हा मी इतका फुललो की तिने घाईघाईने विषय बदलायचा प्रयत्न केला. पण तिला पेटी हवीच होती. मुकुटबनला तिच्या आईची शेवटची काळी कोंबडी अकरा अंडी घालून मुंगसाच्या तोंडी गेली होती. तीस-चाळीस वर्षांचा तो काळा वंश आता त्या अकरा अंड्यांत होता, आणि बायकोने ती एसटीतून मांडीवर, सोयाबीनच्या कुटारात, म्हणजे भुशात, ठेवून राळेगावला आणली होती.

थर्माकोलची पेटी, समोर एक काच, आत साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब, आणि पुरेशी ऊब झाली की तो बंद करणारा थर्मोस्टॅट. आठवडाभर मी मीटर लावून बसलो. व्होल्टेज दोनशे तीस, प्रवाह शून्य पॉइंट सव्वीस. गुणाकार केला की शक्ती साठ वॅट, भागाकार केला की रोध पावणेनऊशे ओहमच्या आसपास. बल्ब तीनपैकी दोन मिनिटं चाले, म्हणजे पेटीला चाळीस वॅट पुरत. मी झाकणावर खडूने ‘साठ वॅट’ लिहिलं आणि खाली सही ठोकली. रविवारी दुपारी अंडी आत गेली.

सोमवारी सकाळी पेटीतल्या तापमापकाचा काटा साडेसदतीस अंशांवरून घसरत पस्तिसावर आला.

“अहो, तुमची पेटी थंडी होऊन राह्यली!”

चूक माझीच होती. आमचं घर गावाबाहेर, लाइन शेतांच्याच डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून. शेतातल्या पाण्याच्या मोटारींसाठीची थ्री फेज एक आठवडा रात्री येते, एक आठवडा दिवसा. मी पेटी तपासली ती रात्रपाळीच्या आठवड्यात, आणि तीही दिवसा, सगळ्या मोटारी झोपलेल्या असताना! आता गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं होतं आणि व्होल्टेज दीडशेवर आलं होतं. बल्ब संत्र्यासारखा लालसर दिसत होता.

मी अंगणात गणित मांडलं. रोध तोच धरला, तर प्रवाह शून्य पॉइंट सतरा, शक्ती पंचवीस वॅट. मीटरने दाखवला शून्य पॉइंट एकवीस. मी मीटर आपटला, सेल बदलले, पुन्हा लावला. एकवीसच. मग डोक्यात उजेड पडला. तार कमी तापली की तिचा रोधही कमी होतो. आता तो सातशेवर आला होता. हे मी दरवर्षी शिकवतो, तेही टाळ्या घेऊन.

“मंग किती झाले?” बायकोने विचारलं.

“एकतीस-बत्तीस.”

“अन् लागते चाळीस. मंग नाचून काय राह्यले? दुसरा बल्ब लावा न.”

दुकानांत नुसते एलईडी, उजेड भरपूर आणि ऊब नावाला. मी सायकलवर तीन दुकानं फिरलो, परत आलो, काटा पाहिला, पुन्हा निघालो. काटा चौतीसवर. शेवटी आठवला शेजारच्या भाऊंचा बल्ब. लाइन आली की नाही हे घरून दिसावं म्हणून त्यांनी मोटारीच्या खोलीबाहेर साठचा बल्ब टांगला होता. म्हणजे आमचं व्होल्टेज खाणाऱ्याकडेच हात पसरायचा.

“सर, बल्ब नेसान तं लाइन आली हे मले कसं समजन?”

माझ्याआधी बायको कुंपणावरून बोलली, “भाऊजी, आमचे बल्ब लाल पडले का तुमची लाइन आली. सर फोन करतीन. तसेही ते पेटीपासून हालत नाहीत.”

दुसरा बल्ब शेजारी जोडला. प्रवाह शून्य पॉइंट बेचाळीस, शक्ती त्रेसष्ट वॅट. काटा मुंगीच्या पावलांनी वर चढला. मी मात्र खाली बसलो नाही. तासभराच्या त्या थंडीत आतलं काही वाचलं का, हे कोणत्याही सूत्रातून निघत नव्हतं. मी अंडी फिरवायचो, पाण्याची वाटी भरायचो, बल्ब लाल पडले की भाऊंना फोन लावायचो. मधला आठवडा लाइन रात्रीची, तेव्हा भाऊ शेतातच झोपायचे. मला तेवढीच सुटी.

एकविसाव्या दिवशी सकाळी बल्ब लाल पडले, आणि मी फोन केलाच नाही. एका अंड्याला तडा गेला होता.

अर्ध्या तासाने भाऊ तणतणत आले. “सर! लाइन येऊन गेली का काय? काहून फोन नाही केला? मी तिकडं बसून राह्यलो—” आणि पेटीच्या काचेपाशी वाकले. ओलं, काळंकुट्ट पिल्लू कवच ढकलत होतं.

बायकोने वणीला भावाकडे गेलेल्या आईला फोन लावला आणि पेटीपाशी धरला. चिवचिव गेली असावी, कारण पलीकडून लगेच आवाज आला, “रंग कोणता हाये?”

“काळा,” बायको म्हणाली, आणि काचेला नाक लावून पुन्हा पाहू लागली.

भाऊंनी तिच्या हातातून फोन घेतला. “काळाच हाये, आजी! माह्या बल्बवर निंगाला!”