मोहोरातली गाठोडी

मी जात्याच संशयी. दुधातलं पाणी मला आधी दूधवाल्याच्या डोळ्यांत दिसतं. त्यामुळे नव्वदीतल्या त्या माघात, दिंडोरीजवळच्या आमच्या केशर आंब्याच्या बागेत एका मोहोरलेल्या फांदीला घाण वासाचं गाठोडं लटकलेलं दिसलं, तेव्हा करणी कोणाची, हे मी नाक दाबतानाच ठरवून टाकलं. बांधापलीकडची द्राक्षवाली!

तिला कारणही होतं. गेली काही वर्षं आमची झाडं मोहोराने लवायची, पण फळ धरायचं नाही. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लावलेली झाडं ती. ओझरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माझ्या नवऱ्याने निक्षून सांगितलं होतं, यंदा फळ धरलं नाही तर कुऱ्हाड. बाग मोडली की आमची जमीन खंडाने मागायची, हा शेजारणीचा डाव मला स्वच्छ दिसत होता. त्यातच फवारणीच्या पंपाचं नोझल गायब झालं. तेही मी तिच्याच नावावर मांडलं.

गाठोडं सोडलं, तर आत बोंबलाची डोकी आणि वर माश्यांचा थवा. आमचं घर माळकरी. सासरे तर मटणाचं दुकान दिसलं की रस्त्याची बाजू बदलत. अशा घराच्या बागेत मासळी टांगायची म्हणजे कमालच झाली. मी संतापून ते पुरलं. दुसऱ्या दिवशी त्याच फांदीला नवं.

मग भर दुपारी मी मोटारीच्या खोलीआड दबा धरून बसले. आले ते सासरे. त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढली, डोळ्यांना लावली, दाराच्या खुंटीला अडकवली. उपरण्याने नाक बांधलं आणि पिशवीतून गाठोडं काढलं.

"मामा, तुम्ही?"

ते दचकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "कोकणातला एक बागवाला बाजारात भेटला व्हता. तिकडं मोहोरात मासळी टांगत्यात. वासानं माश्या येत्यात, ह्या फुलावरून त्या फुलावर बसत्यात, तवा फळ धरतं. आपल्या फवाऱ्यानं मधमाश्या गेल्या अन् माश्याबी गेल्या. नोझल माझ्याकडंच हाय."

"पण मासळी? तुमच्या हातानं?"

"माशीला कुठं एकादशी असती, सूनबाई? त्याला सांगू नको. अन् गाठोडी पुरू नको, लय लांबून आणावी लागत्यात."

मला रडूच आलं. मी नवऱ्याला सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात फांद्यांना टेकू द्यावे लागले. कुऱ्हाड कोपऱ्यातच राहिली. नवऱ्याने सगळं श्रेय आपल्या खताला दिलं. पहिली आढी उघडली, तेव्हा सगळ्यात मोठा आंबा मी सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी हात लावला नाही.

"दात आंबत्यात," ते म्हणाले.

नवऱ्याला ते खरं वाटलं. पिकल्या केशरने कोणाचे दात आंबत नाहीत, हे कळायला संशयी असावं लागत नाही. पुढे ते होते तोवर दर माघात गाठोडी टांगत राहिले, आणि त्या झाडांचा आंबा त्यांनी पुन्हा कधी चाखला नाही.