बोल, माझी आई चुकली

"बोल. मोठ्यानं बोल. माझी आई चुकली."

सरांनी माईक माझ्या तोंडाशी धरला होता. इतका जवळ, की त्याची जाळी ओठाला लागत होती. समोर हॉल गच्च भरलेला. सगळी माझ्याच वयाची पोरं-पोरी. इस्त्रीचे कपडे, मांडीवर सर्टिफिकेटांच्या फायली.

त्याआधी त्यांनी विचारलं होतं, "आई काय करते?"

मी सांगितलं, "हॉस्पिटलमध्ये मावशी आहे. साफसफाई करते."

"म्हणजे लोकांची घाण काढते." हे त्यांनी मला नाही, हॉलला सांगितलं. हॉल हसला. "आयुष्यभर घाण काढली. मिळालं काय? पोरगी नोकरीची भीक मागतेय. बोल आता. माझी आई चुकली, मी चुकणार नाही."

मी भीक मागायला आले नव्हते. जाहिरात वाचून आले होते.

बी.कॉम. झाल्यापासून रोज फोनवर जाहिराती बघायचे. त्यात ही दिसली. ऑफिस काम, डेटा एंट्री, पक्का पगार, अनुभवाची अट नाही. कंपनीचं नाव नव्हतं. वाटलं, छोटी कंपनी असेल. फोन केला तर पलीकडची बाई मला मॅडम म्हणाली. आमच्या नाशिक रोडच्या वसाहतीत मला मॅडम कोण म्हणणार? बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

इंटरव्ह्यू कॉलेज रोडच्या एका फ्लॅटमध्ये झाला. मी टायपिंगची तयारी करून गेले होते. टायपिंगचं कुणी विचारलंच नाही. ब्लेझर घातलेल्या ह्याच सरांनी माझं आडनाव वाचलं. राहायला कुठं, विचारलं. मी वसाहतीचं नाव सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले आणि हसले.

"अरे वा. तुमच्या लोकांत एकी फार असते. एक आली की मागून शंभर येतात."

तुमच्या लोकांत. ते टोचलं. पण नोकरी हवी असली की माणूस टोचलेलं गिळतो. मीही गिळलं. ते म्हणाले, सिलेक्ट झालीस, उद्यापासून ट्रेनिंग.

बाहेर बाकावर सायखेड्याची एक मुलगी बसली होती. सकाळच्या एसटीनं एकटी आली होती. तिचंही झालं होतं. माझा हात धरून म्हणाली, "ताई, लय बरं झालं. आजच घरी सांगते. बापाचा इश्वासच बसायचा नाय."

ट्रेनिंग मुंबई नाक्याजवळच्या हॉलमध्ये. दारातच आमचे फोन काढून घेतले. आत मोठ्यानं गाणी. उभं राहा, टाळ्या वाजवा, शेजारच्याला मिठी मारा. मग एकेक ब्लेझरवाला स्टेजवर येऊन सांगायचा, मी कसा भणंग होतो आणि आता माझ्या दारात कशी गाडी आहे. दुपार झाली तरी डेटा एंट्री हा शब्द कुणाच्या तोंडून आला नव्हता.

जेवणानंतर सर उठले. म्हणाले, इथं नोकर कुणी नाही, इथं सगळे मालक. आधी किट विकत घ्यायचं. किट म्हणजे साबण, शाम्पू आणि कसल्याशा पावडरीचे डबे. मग आपल्याखाली माणसं आणायची. त्यांनी त्यांच्याखाली आणायची.

एकानं विचारलं, "माणसं कशी आणायची, सर?"

सर हसले. "तू कसा आलास? तीच जाहिरात आपल्या फोनवरून टाकायची. ऑफिस काम म्हणायचं. खरं सांगितलं तर कोण येईल?"

सगळे हसले. ज्यांना फसवून आणलं होतं तेसुद्धा हसले.

मी हात वर केला. "सर, मग डेटा एंट्रीची जागा कुठंय?"

म्हणून मला स्टेजवर बोलावलं होतं. म्हणून आईचं विचारलं होतं. आणि आता म्हणत होते, बोल.

  चार शब्द म्हणून टाकावेत आणि खाली उतरावं, असंही वाटून गेलं. माझ्या आधी स्टेजवर बोलावलेल्या पोरा-पोरींनी असंच म्हटलं होतं. एक मुलगा तर बापाचं नाव घेऊन म्हणाला होता, माझा बाप लूजर आहे. त्याला टाळ्या मिळाल्या होत्या.

पण मला आईचे हात दिसले. फिनेलनं सोललेले. त्या हातांनी माझी फी भरली होती. ह्या माणसानं माझ्यासाठी काय केलं होतं? खोटी जाहिरात.

मी माईक त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"माझी आई चुकली नाही. तिला सफाईचं काम सांगितलं आणि सफाईचंच काम दिलं. तिच्याशी कुणी खोटं बोललं नाही. खोटं तुम्ही बोललात. तुम्ही चोर आहात."

 सरांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी माईक परत घेतला आणि ओठांवर तेच हसू आणलं.

"मित्रांनो, या मॅडमना गरिबीतच मरायचंय. टाळ्या वाजवून निरोप द्या."

आणि हॉल उभा राहिला. टाळ्या. शिट्ट्या. मी मधल्या वाटेनं चालत गेले. सायखेड्याची ती टाळ्या वाजवत होती. मान खाली घालून.

दारात फोन परत घेईपर्यंत ती पाण्याच्या निमित्तानं बाहेर आली.

"कशाला बोललीस गं? गावात सगळ्यांना सांगून बसले मी, नोकरी लागली म्हणून."

"चल माझ्यासोबत. मी येते तुझ्या घरी, मी सांगते."

"नाय. मला नाय जमायचं." ती आत गेली. दार लागलं.

मी तशीच पोलीस चौकीत गेले. तिथले साहेब म्हणाले, "पैसे दिले?" म्हटलं, नाही. "मग फसवणूक कुठंय?" मी म्हटलं, माझ्या आईला भर हॉलमध्ये बोलले. ते म्हणाले, "ते कुठं लिहू? घरी जा बाळा."

घरी आई ड्यूटीवरून नुकतीच आली होती. सगळं सांगितलं. ती पाय धूत होती. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "उद्या त्याला ॲडमिट केला ना, तर त्याची घाणबी मलाच काढावी लागंल. मग बघू कोण चुकलं ते." आणि पाय पुसून आत गेली.

पुढच्या आठवड्यात नोकरीच्या एका ग्रुपवर तीच जाहिरात आली. शब्द न् शब्द तीच. फक्त नंबर नवा. मी लावला.

"बोला ना मॅडम." गोड आवाज. सायखेड्याच्या त्या मुलीचा.

मी म्हटलं, "मी बोलतेय गं."  तिनं फोन कट केला.

त्या दिवशी माझा उरलासुरला संयम संपला. आमच्याच मुलींच्या तोंडून आमच्याच मुलींना बोलावतात. हात मात्र त्या ब्लेझरवाल्यांचे स्वच्छ.

पुढच्या ट्रेनिंगच्या दिवशी मी त्या हॉलच्या गेटवर जाऊन उभी राहिले. जो फाईल घेऊन येईल त्याला सांगायचे, "आत नोकरी नाही. किट गळ्यात मारतील आणि आईबापाला शिव्या द्यायला लावतील." काही जण माझ्याकडे वेड्यासारखं बघून आत गेले. काही थबकले. पेठ तालुक्यातून आलेले दोघं भाऊ तिथूनच परत फिरले. वॉचमन मला ढकलत होता, मी रस्त्यावर सरकून उभी राहिले. रस्ता त्याच्या बापाचा नव्हता.

सर गाडीतून उतरले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "महागात पडेल तुला."

"पडू दे."

"तुझी लायकी काय गं?"

 त्यांच्या मागून एक मुलगी येत होती, मी तिच्याशी बोलले.

ते हॉल बदलतील. कंपनीचं नाव बदलतील. बदलू देत. हे गाव माझं आहे, मी शोधून काढीन. मला उद्या नोकरी लागली तर सुट्टीच्या दिवशी उभी राहीन. मारलं तर मार खाऊन उभी राहीन. मला त्यांची माफी नको, माझ्या आईला तर मुळीच नको. मला त्यांच्या खुर्च्या रिकाम्या बघायच्यात. सगळ्या.