रिवाजाची साक्ष

लेकीचा व्हिसा नाकारल्याचं पत्र जावयाने कॅनडाहून फोनवर पाठवलं, तेव्हा मी मेथी निवडत होते. तिथल्या कचेरीने तिचं हे दुसरं लग्नच मानलं नव्हतं, कारण पहिलं लग्न कायद्याने मोडल्याचा पुरावा नाही म्हणे. नाही कसा? पंचांपुढे झालेली सोडचिठ्ठी होती, स्टॅम्पपेपरवर, सह्या-अंगठ्यांसकट. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. पण त्यांना कोर्टाचा हुकूम हवा होता.

औरंगपुऱ्यातल्या वकीलबाईंनी कागद दोनदा वाचला.

"अशी सोडचिठ्ठी कायद्याला चालते, मॅडम. पण हा रिवाज तुमच्यात आहे, हे कोर्टात सिद्ध करावं लागेल. जिची अशी सोडचिठ्ठी होऊन पुढं दुसरं लग्न झालंय, अशी कुणीतरी साक्षीला आणा."

"आई, मामाला विचारू या," लेक म्हणाली. "त्याला सगळ्यांचं माहीत असतं."

मामाला माहीत होतंच. एकोणिसाव्या वर्षी माझी स्वतःची सोडचिठ्ठी झाली, तेव्हा माझ्या शेजारी तोच बसला होता. ह्यांच्याशी लग्न झालं ते त्यानंतर. ह्यांना सगळं ठाऊक होतं. मुलांना मात्र आम्ही अवाक्षर सांगितलं नव्हतं.

खुलताबादजवळच्या माहेरी गेलो. भावाने चहा पाजला, दाखले धडाधड मोजून दाखवले. अमक्याची आत्या, तमक्याची सून. साक्षीचं नाव काढताच हात झटकून मोकळा.

"कोर्टात कोण यील, आक्का? लेकीबाळींच्या गोष्टी हायेत. लई बोभाटा व्हईल."

रिवाज घरोघरी आणि साक्षीदार एकही नाही! मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, लेक चपला घालायला बाहेर गेल्याचं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मग तू का सांगत नाय?"

परत येताना लेकीने एवढंच विचारलं, "तो तिकडं किती दिवस वाट बघंल गं?" तिचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि संसार जेमतेम महिनाभराचा.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच वकीलबाईंकडे गेले आणि माझी हकीगत शपथपत्रावर लिहून दिली. लेकीला सांगू नका, म्हटलं. त्या म्हणाल्या, "अहो, कोर्टात तुम्हाला विचारतील तेव्हा ती तिथंच बसलेली असेल."

म्हणजे त्याआधी मलाच सांगायला हवं होतं. रोज संध्याकाळी ठरवून तिच्या खोलीत जायची आणि दूध हवंय का, असलं काहीतरी विचारून परत यायची. तारखेच्या दिवशी सकाळी ह्यांनी विचारलं, "मी येऊ का?" मी उगाच त्यांच्यावर खेकसले.

न्यायाधीशांनी विचारलं, "हा रिवाज आहे, हे तुम्हाला कसं माहीत?"

मी काहीतरी पुटपुटले. चौतीस वर्षं शाळेत पोरांना 'मोठ्याने बोला' म्हणून ओरडण्यात गेली, आणि आता न्यायाधीश मलाच तसं सांगत होते.

"माझी स्वतःची झालीय," मी म्हणाले. "एकोणिसाव्या वर्षी. त्यानंतर हे लग्न झालं."

लेकीकडे बघायची माझी छाती झाली नाही. पुढचे प्रश्न आले, मी उत्तरं दिली. पुढे हुकूम मिळाला, व्हिसाही आला, ती सुखरूप गेली. त्या साक्षीनेच काम झालं, असं वकीलबाई अजून सांगतात.

पण त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. ती रागावेल, खोटारडी म्हणेल, ह्याची मी तयारी ठेवली होती. ती म्हणाली,

"माझ्या सोडचिठ्ठीला तू आली नाहीस. डोकं दुखतंय म्हणालीस आणि मला मामाबरोबर धाडलंस."

"डोकं दुखत नव्हतं," मी म्हणाले. "पंचांपुढं परत जाऊन बसवलं नसतं गं मला."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"मला तरी कुठं बसवत होतं, आई?"