दोन बटणांची बेरीज

माझे मामा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात वायरमन आहेत. दहावीनंतर फक्त वायरमनचा कोर्स, म्हणजे नव्या मॅनेजरसाहेबांच्या लेखी जवळजवळ निरक्षर. साहेबांकडे गणिताची पदवी आहे. ती त्यांनी केबिनमध्ये खुर्चीमागे टांगली आहे, येणाऱ्याला बसल्या बसल्या वाचता यावी अशी.

कटिंग मशीनवर माझी मावशी, मामांची धाकटी बहीण. मशीनला दोन बटणं, एकेका हातासाठी एकेक. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं. म्हणजे त्या क्षणी दोन्ही हात पात्यापासून लांब असतात. साहेबांना हे फार संथ वाटलं. त्यांनी हुकूम काढला: कुठलंही एक बटण दाबलं तरी मशीन चालायला हवं.

"काम वाढेल, शिवाय सुरक्षा दुप्पट! या बटणाची एक, त्या बटणाची एक. एक अधिक एक किती?"

"इथे एकच, साहेब," मामांनी सांगितलं.

साहेब हसले. कारकूनही हसले; पगारवाढीचा महिना होता.

"हे शाळेतलं बीजगणित नाही, बूलियन आहे," मामा म्हणाले. "शाळेतला क्ष साडेतीन असतो, उणे सात असतो. इथे शून्य नाहीतर एक. पातं वर नाहीतर खाली. आत्ताची जोडणी गुणाकाराची: एक बटण शून्य, की उत्तर शून्य. तुम्हाला हवी ती बेरजेची: एक अधिक शून्य एक, एक अधिक एकही एकच. दोन हा आकडाच नाही इथे. वजाबाकीही नाही."

"वजाबाकी नाही? मग चूक झाली तर?"

"तेच म्हणतोय."

"जमत नसेल तर दुसरा वायरमन बघतो."

दुसरा तर गुपचूप करून गेला असता. म्हणून मामांनीच जोडणी बदलली. मावशी विचारत आली, "दादा, मशीनवर बसतेस का गं म्हणून सगळ्या जणी विचारतायत. बसू?"

"थांब जरा."

मामांनी नवी जोडणी बघायला आलेल्या साहेबांच्या हातातली 'दुप्पट सुरक्षा योजना' ही फाइल घेतली आणि पुठ्ठा सारताना मावशीचा डावा हात जिथे असतो, तिथे ठेवली. "उद्घाटन तुमच्या हातून होऊ दे. फक्त उजवं बटण."

साहेबांनी ऐटीत दाबलं. फाइलचे मात्र बरोबर दोन झाले.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: सखोल गणिती विश्लेषणानंतर साहेबांनी जुनी जोडणी कायम ठेवली आहे. मामांना वेगळं पत्र मिळालं. कार्यालयीन फाइलची नासधूस का केली, याचा लेखी खुलासा हवा होता.

"तूच लिही बाई," मामा मावशीला म्हणाले. "तुझं अक्षर चांगलं आहे."

डावखुरी मावशी लिहायला बसली.