दाढ काढताना वाजणारी सनई

अकोल्याच्या त्या दाताच्या डॉक्टरवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. माणूस फार गोड बोलायचा. सरकारी कचेरीत कारकुनी करून मी एवढं शिकलो होतो, की विनाकारण गोड बोलणाऱ्याच्या हातात काय आहे ते आधी बघावं. याच्या हातात सनईची तबकडी असायची. पेशंट खुर्चीत बसला की तो ती ग्रामोफोनवर लावायचा आणि दार ओढून घ्यायचा. "संगीतानं मन रमतं, भीती जाते," असं त्याचं म्हणणं. बाहेर बाकावर बसलेल्यांना फक्त सनई ऐकू यायची. आतल्या माणसाचं काय चाललंय, ते काही कळायचं नाही.

वडिलांना तिथे मीच ओढून नेलं होतं. बाळापूरजवळच्या आमच्या गावाहून ते माझ्याकडे आले, तेव्हा उजवा गाल टम्म फुगलेला, अंगात ताप आणि चार दिवस पोटात भाकरीचा तुकडा नाही. डॉक्टरने गोळ्या देऊन ताप उतरवला, पण मला बाजूला घेऊन बजावलं, "दाढ काढावीच लागेल. पू मानेत उतरला तर जिवावर बेतेल." तीन दिवसांनी बोलावलं होतं, म्हणून आम्ही त्या बाकावर बसलो होतो.

आमच्या आधी एक बाई आत गेली. दार लागलं, सनई सुरू झाली आणि वडील ताडकन उठले.

"चाल. मले नाई काढाची दाढ."

"काहून, बा?"

"आत लगन लागून राह्यलं का? बाजा कायले लागते, मले मालूम हाय. मानसाचं वरडनं दाबाले लागते. मले नोको सांगू, मी सोता वाजवलं हाय."

मला ते ऐकून माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून कधी आलं नव्हतं. बाळापूरच्या बाजारात पूर्वी एक दात उपटणारा बसायचा. त्याच्यापाशी पकड, तुरटीचं पाणी आणि शेजारी डफडं घेऊन आमचे वडील. पकड दातावर बसली की त्याने डोळ्यांनी खूण करायची आणि यांनी काड्या जोरात चालवायच्या, म्हणजे किंकाळी ऐकून मागचं गिऱ्हाईक पळायचं नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले त्याच आठवड्यात वडिलांनी ते डफडं नदीत सोडलं. पुन्हा ना लग्नात, ना मयतीत, त्यांनी काडी हातात धरली नाही. डफडं सोडल्याचं आम्ही चारचौघांत मानाने सांगायचो. दात उपटणाऱ्याची गोष्ट मात्र घरात कोणी काढत नसे.

मला त्यांचा राग आला आणि, खरं सांगतो, त्यांचं म्हणणं पटलंही. तेवढ्यात ती बाई गालाला हात लावून बाहेर आली.

"वरडल्या का तुमी, बाई?" वडिलांनी सरळ विचारलं.

तिने मान हलवून नाही म्हटलं. वडिलांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "शिकवून ठेवली असन."

मग मीच डॉक्टरला सांगितलं, सनई बंद ठेवा आणि दार उघडं. तो दुखावला. "अहो, ती तुमच्यासाठीच असते."

"भायेर बसले त्याईच्यासाठी असते," वडील म्हणाले आणि खुर्चीत बसले.

डॉक्टरने ग्रामोफोनची सुई उचलून ठेवली. मी चौकटीत उभा राहिलो. त्याने हिरडीत इंजेक्शन दिलं, थोडा वेळ थांबला आणि पकड घातली. खोलीत इतकी शांतता होती, की मलाच घाम फुटला. तेव्हा माझं लक्ष वडिलांच्या हातांकडे गेलं. त्यांची बोटं खुर्चीच्या दांड्यांवर चालत होती, आधी हळू, मग दाढ हलायला लागली तशी भरभर, दोन्ही हातांनी. डोळे मिटलेले होते. तोंडातून आवाज आला नाही. दाढ तबकात पडली, तरी बोटं थोडा वेळ चालूच होती.

मोटार स्टँडवर त्यांनी कापसाचा बोळा थुंकला. जीभ अजून जड होती.

"माही बोटं चालत होती ना आत?"

"हो."

"मले बरं वाटत होतं थ्यानं." ते आपल्या बोटांकडे बघू लागले. "मंग थ्या लोकायलेबी वाटलं असन का रे? माह्या वाजवन्यानं? का मी निस्तं त्याईचं वरडनंच दाबलं?"

एवढी वर्षं हा माणूस ते मनात घेऊन फिरत होता आणि आम्ही नदीत सोडलेल्या डफड्याचं कौतुक सांगत बसलो होतो. मी लगेच म्हणालो, "वाटलं असन, बा. नक्कीच वाटलं असन."

वडिलांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, त्या बाईला न्याहाळलं होतं तसंच.