रिकाम्या जागेचा चार्ज

"चार्ज कुणाला दिलात?" हा सिस्टरांचा ठरलेला प्रश्न. दूधवाला गावी निघाला तरी हाच, वॉचमन जेवायला उठला तरी हाच. माझी पुतणी लग्नानंतर नवऱ्याबरोबर फिरायला निघाली, तेव्हा तिच्या कुंड्यांबद्दलही त्यांनी हेच विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत रिक्षा हलू दिली नाही.

काचीगुड्याच्या एका दवाखान्यात वर्षानुवर्षं वॉर्ड सांभाळून त्या निवृत्त झाल्या आणि शहराच्या टोकाला, आमच्या कॉलनीत राहायला आल्या. घराणं मराठवाड्यातलं, जन्म इथलाच, हैदराबादचा. त्यामुळे चांगलं मराठी बोलता बोलता मधेच दखनीतलं 'हौ' आणि 'नक्को' यायचं. एकट्याच राहायच्या. कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं की चपला सरकवून निघायच्या. त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं.

तुमच्याही भागात असं कधी झालं असेल. आमच्या आमदारांनी मुदत निम्मी उरली असताना राजीनामा दिला आणि ते दुसऱ्या पक्षात गेले. आम्ही पुरुष मंडळींनी चहाच्या टपरीवर त्याची भरपूर चर्चा केली. कोणी कोणाला फोडलं, पोटनिवडणूक कधी लागेल, वगैरे. सिस्टरांना त्यात रस नव्हता.

"पक्ष त्याचा तो बघेल," त्या म्हणाल्या. "आमच्या वॉर्डातली आया नोकरी सोडायची तरी महिनाभर आधी सांगायची, किल्ल्या हातात देऊन जायची. ह्यानं किल्ल्या कुणाला दिल्या?"

त्यांना बोचत होतं ते वेगळंच. कॉलनीसमोरच्या नाल्यावर पूल व्हायचा होता. खांब उभे होते, वर काहीच नव्हतं. शेवटच्या घरातल्या मास्तरांना डायलिसिसला पलीकडे जावं लागे. नाला भरला की रिक्षा लांबचा वळसा घेई, आणि परत येईस्तोवर मास्तर पार गळून जात. सिस्टरच त्यांना धरून घरात नेत. राजीनाम्यानंतर कंत्राटदाराची माणसं सामान उचलून निघून गेली. "आमदारच नाही, तर पाठपुरावा कोण करणार?" असं सरकारी ऑफिसातून उत्तर आलं.

एका सकाळी सिस्टर मला म्हणाल्या, "भाऊ, स्कूटर काढा." आम्ही थेट माजी आमदारांच्या घरी गेलो.

"अम्मा, मैं अब एमएलए नहीं हूँ," ते हात जोडून म्हणाले.

"मालूम है. इसीच वास्ते आई. चार्ज किसको दिये?"

"चार्ज कैसा अम्मा? सीट खाली है."

"खाली बेड को भी सिस्टर रहती, बाबा."

कार्यकर्ते हसले, आमदारही हसले. सिस्टर पर्स मांडीवर धरून तशाच बसून राहिल्या. हसणं हळूहळू ओसरलं. मग आमदारांनीच खुर्ची जवळ ओढली.

पुढच्याच आठवड्यात ते नाल्यावर आले. पोटनिवडणूक तोंडावर होती, नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. सिस्टरांनी पुलाचं काम बघणाऱ्या सरकारी इंजिनियरलाही बोलावून ठेवलं होतं. किती काम झालं, काय राहिलं, फाईल कुणाच्या टेबलावर अडली, हे सगळं त्यांनी आमदारांकडून आमच्यासमोर वदवून घेतलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. "आता हे माझ्याकडे," एवढंच त्या म्हणाल्या.

निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागते. मग चालू असलेलं काम चालू राहतं, न सुरू झालेलं लटकतं. सिस्टरांनी तेवढं नीट समजून घेतलं होतं. त्या डबा घेऊन बसने इंजिनियरच्या ऑफिसात जाऊ लागल्या. तो म्हणायचा, "उद्या बघू अम्मा." त्या उद्या हजर. बसल्या बसल्या त्यांनी तिथल्या निम्म्या लोकांचं ब्लडप्रेशर तपासलं. इंजिनियरचं सगळ्यात जास्त निघालं. त्याला मीठ कमी करायला सांगून त्यांनी पुन्हा पुलाची तारीख विचारली.

निवडणूक जाहीर होण्याच्या जरासं आधी नाल्यावर सळया येऊन पडल्या आणि काम सुरू झालं.

प्रचाराच्या वेळी आमदार नव्या रंगाचं उपरणं घालून, ढोल वाजवत नाल्यापलीकडे आले. स्लॅब ताजा होता, वर ओली गोणपाटं अंथरलेली. सिस्टर हातात पाण्याचा पाईप घेऊन मधोमध उभ्या.

"अभी नक्को," त्या म्हणाल्या. "पाणी मारना है."

अख्खी मिरवणूक मागे वळली आणि लांबच्या वळशाने कॉलनीत आली. ओट्यावर बसलेले मास्तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. त्यांना असं हसताना आम्ही कित्येक महिन्यांनी पाहिलं.

निवडून तेच आले. आपलं मत कुणाला, ते सिस्टरांनी कधी सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे फारच कुरकुरू लागले, तशी भाची त्यांना नांदेडला घेऊन जायला आली. आम्ही सगळे काचीगुड्याला स्टेशनवर पोहोचवायला गेलो. बायको रडत होती. गाडी सुटली, आम्ही हात वर केले. खिडकीत सिस्टर दिसल्या. समोरच्या बाईचं किरकिरणारं तान्हं त्यांनी केव्हाच मांडीवर घेतलं होतं, आणि त्याचं तोंड उघडून त्या आत निरखून बघत होत्या. आमच्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती. गाडी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही हात हलवत राहिलो.